पोथ्या, नाणी आणि रांगेतला आमचा जॉब

मॅगझिनसाठी काहीतरी लिही असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा खरं तर मी एखादी कविता देऊन मोकळा होणार होतो. पण गेलं वर्षभर एका माणसाने डोक्यात घर केलंय. हा माणूस १९६६ सालीच गेला. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासवाले त्यांना इतिहासकार म्हणतात, गणितवाले गणिती म्हणतात आणि आपल्यासारखे इंजिनिअरिंगवाले बहुधा काहीच म्हणत नाहीत, कारण आपल्या सिलॅबसमध्ये ते कुठेच नाहीत. निदान मला तरी तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांचं नाव माहीत नव्हतं. ते कसं कळलं, ते आधी सांगतो.

माझं गाव आलापल्ली, जिल्हा गडचिरोली. गावच्या चौकातून एक रस्ता अहेरीला जातो, एक सिरोंच्याला, एक भामरागडकडे आणि एक आष्टी-गोंडपिपरीवरून चंद्रपूरला. हॉस्टेलवर गाव सांगितलं की पुढचा प्रश्न जंगलाचाच असतो. जंगल आहेच, सागाचं, आणि फार देखणं आहे. वडील लाकूड डेपोत मोजमापाचं काम करतात. प्रत्येक लठ्ठ्याची लांबी, गोलाई, नंबर आणि वर हातोड्याने मारलेला शिक्का हे मी लहानपणापासून बघत आलोय. आईकडची आजी गोंडी बोलते. मला थोडी समजते, बोलताना मात्र दुसऱ्या वाक्याला गाडी मराठीवर येते. पाण्याला येर म्हणायचं एवढं येतं, पण विहीर आटली हे सांगायला मराठी लागते. माझ्या धाकट्या बहिणीला तेवढंही येत नाही.

सेकंड इयर संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि मामेभाऊ मोटरसायकलवर गावोगाव फिरलो आणि मोबाईलवर एकच रेला गाणं वेगवेगळ्या लोकांकडून रेकॉर्ड केलं. काही गावं भामरागड रस्त्यावरची, काही सिरोंचा रस्त्यावरची. एकूण ४१ रेकॉर्डिंग झाली. प्रत्येक ठिकाणी गाणं तेच, पण ओळी कमीजास्त, शब्द वेगळे, क्रम वेगळा. कुठलं रूप कुठल्या रूपाच्या जवळचं, शब्द कुठे बदलतात, हे कॉम्प्युटरवर काढायचं आणि पुढे जमलं तर या बोलीसाठी आवाजावरून मजकूर उतरवणारं मॉडेल तयार करायचं, असा प्रोजेक्ट डोक्यात होता. मॉडेल ट्रेन करायला आपला लॅपटॉप पुरत नाही. म्हणून एका सामायिक सुपरकॉम्प्युटरवर वेळ मागणारा अर्ज केला.

अर्जात विषय निवडायची यादी होती. हवामान, रेणू, द्रवगतिकी, खगोल, जीवशास्त्र सगळं होतं. भाषा नव्हती, इतिहास नव्हता, साहित्य तर नव्हतंच. मी 'इतर' वर टिक केली. अर्ज परत आला. फोन केला तर पलीकडच्या साहेबांनी शांतपणे समजावलं की ही मशीन शास्त्रीय कामासाठी आहे, लोकगीतांसाठी नाही. राग आला आणि थोडी लाजही वाटली, कारण त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात लायब्ररीत मागच्या रॅकवर कोसंबींचं पुस्तक हाताला लागलं. उघडलं तर इतिहासाच्या पुस्तकात नाण्यांच्या वजनाचा हिशेब! तिथून सुरुवात झाली.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबें गावचा. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे अभ्यासक. बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असं फिरलेला हा माणूस, आणि पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होता. हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावणं होतंच. १९१८ साली ते अमेरिकेला गेले ते थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना घेऊन. मुलगा तिथल्याच शाळेत शिकला, मग हार्वर्डमध्ये गेला आणि १९२९ साली पहिल्या प्रतीचा सन्मान मिळवून पदवीधर झाला. गणित हा मुख्य विषय, पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषाही सोबत. एकाच माणसाला गणित आणि भाषा दोन्ही का येऊ नये, हा प्रश्न त्या घरात बहुधा कुणाला पडलाच नसावा. आपल्याकडे तो दहावीच्या निकालाच्या दिवशीच पडतो.

भारतात परतल्यावर बनारस हिंदू विद्यापीठात दोन वर्षं काढली. मग फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांनी अलीगढला बोलावलं, तिथे दोन वर्षं. या काळातली एक गंमत गणिताच्या मुलांना आवडेल. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ साली एक शोधनिबंध छापला, त्यात बुर्बाकी नावाच्या, मुळात अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार घेतला होता. पुढे फ्रान्समधल्या तरुण गणितज्ञांच्या एका गटाने हेच टोपणनाव घेऊन पुस्तकं लिहिली आणि विसाव्या शतकातल्या गणिताची भाषा बदलून टाकली. ते नाव शोधनिबंधात पहिल्यांदा छापून आलं ते भारतात, कोसंबींच्या हातून.

१९३३ साली ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये आले आणि १२ वर्षं तिथे शिकवलं. पगार बेताचा, पेपर तपासायचे गठ्ठे भरपूर. पण त्यांच्या बहुतेक मोठ्या कामांची मुळं याच काळात आहेत. १९३४ साली रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. भूमिती चालू होतीच. मग संख्याशास्त्र हातात घेतलं. ते शिकायची त्यांची पद्धत अशी की पुस्तक आधी वाचायचं नाही, खराखुरा प्रश्न आधी घ्यायचा आणि तो सोडवता सोडवता विषय शिकायचा. असा प्रश्न त्यांना जुन्या नाण्यांत सापडला.

आपल्याकडची सगळ्यात जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पट्टीचे तुकडे पाडायचे आणि त्यावर सूर्य, हत्ती, टेकडी अशी चिन्हं ठोकायची. ना राजाचं नाव, ना साल. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ओळखायचं कसं? चिन्हांवरून अंदाज बांधणारे पुष्कळ होते. कोसंबींनी तराजू घेतला. विचार साधा होता. नाणं हातातून हातात जातं तेव्हा झिजतं. जितका काळ बाजारात, तितकं वजन कमी. शिवाय सगळी सारखी झिजत नाहीत, म्हणून जितका काळ जास्त, तितकी वजनांमधली तफावतही जास्त. सरासरी घसरते आणि पसारा वाढतो. एम-थ्रीच्या पेपरात आपण मीन आणि व्हेरियन्स काढतो ना, तेच हे!

पण त्यांनी लगेच जुन्या नाण्यांना हात घातला नाही. आधी त्या काळी चालू असलेली, ज्यांच्यावर साल छापलेलं आहे अशी हजारो नाणी तोलून बघितली. झीज खरंच या नियमाने होते का, हे आधी माहीत असलेल्या मालावर ताडून पाहिलं. मगच तक्षशिलेच्या उत्खननात १९२४ साली सापडलेल्या हजारावर नाण्यांच्या साठ्याकडे वळले. या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक शिक्के असतात. त्यांनी मागच्या शिक्क्यांच्या संख्येनुसार नाण्यांचे गट पाडले, तर शिक्के जास्त तिथे सरासरी वजन कमी निघालं. म्हणजे ठरावीक काळाने नाणी तपासून पुन्हा शिक्का मारायची पद्धत असावी. हे वाचताना मला आमचा डेपो आठवला. तिथेही लठ्ठ्यावरचे शिक्के मोजले की माल कुठून कुठे आला ते वडील न विचारता सांगतात. नाणी बोलत नाहीत, पण हजार नाणी एकत्र तोलली की बोलतात. आणि हे सगळं हाताने. कॉम्प्युटर तेव्हा नव्हताच.

दुसरं काम पोथ्यांचं. संस्कृत त्यांनी कॉलेजात शिकलं नव्हतं. तीही एक प्रश्न घेऊनच शिकायची ठरवली आणि प्रश्न निवडला भर्तृहरीचा. भर्तृहरीची शतकं देशभर पाठ केली जायची, लिहून घेतली जायची. प्रत्येक लेखनिकाने आपल्या आवडीचा श्लोक त्यात घुसवला. त्यामुळे कुठल्याही दोन पोथ्या सारख्या नाहीत. कोसंबींनी ठिकठिकाणच्या तीनशेहून अधिक पोथ्यांचा हिशेब लावला. आठशेहून अधिक श्लोक वेगवेगळ्या पोथ्यांत भर्तृहरीच्या नावावर निघाले आणि त्यातले सुमारे २००च असे की जे जवळजवळ सगळीकडे आहेत. ही चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध झाली.

आता आपल्या भाषेत सांगतो. ३०० पोथ्या प्रत्येकी प्रत्येकीशी ताडायच्या तर ४४,८५० जोड्या होतात. लॅपटॉपला हे काहीच नाही. पण कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली असेल, म्हणजे पोथ्यांची वंशावळ काढायची म्हटलं की गणित पिसाटतं. फक्त १० पोथ्यांच्या नात्याची वेगवेगळी झाडं २०,२७,०२५ होतात. २० पोथ्या घेतल्या तर २२ वर १९ शून्यं लिहावी लागतील इतकी. सगळी झाडं तपासणं कुठल्याही मशीनला शक्य नाही, म्हणून हुशारीने निवडक तपासायची आणि हजारो वेळा पुन्हा पुन्हा चालवून उत्तर टिकतं का बघायचं. जीवशास्त्रवाले प्राण्यांच्या डीएनएवर हेच करतात आणि त्यासाठी सुपरकॉम्प्युटरचे तास घेतात. डीएनएची नक्कल होताना चुका होतात, पोथीची नक्कल होतानाही होतात. प्रोग्रॅम दोन्हीकडे जवळपास तोच. मग एक शास्त्र आणि दुसरं 'इतर' कसं?

पुण्यात या कामाची परंपरा होतीच म्हणा. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून चालू होती. तिला शिस्त लावणारे विष्णु सीताराम सुकथनकर हेही आधी केंब्रिजला गणित शिकलेले. एकेका श्लोकासाठी मोठा आखीव कागद घ्यायचा, वर एक पाठ आणि खाली प्रत्येक पोथीतला फरक, अक्षर अक्षर मांडायचा. आज आपण त्याला डेटाबेस म्हणू. ही आवृत्ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडलं.

कोसंबींची दोन गणिती कामंही याच फर्ग्युसनच्या वर्षांतली. १९४३ साली त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक निबंध छापला. गुंतागुंतीच्या, सतत बदलणाऱ्या माहितीतून मोजकेच मुख्य आकार कसे वेगळे काढायचे, याची ती रीत. तीच रीत पुढे करहुनेन आणि लोएव यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि जगभर त्यांच्या नावाने ओळखली गेली. आपले मेकॅनिकलचे सीएफडीवाले मित्र पीओडी म्हणतात ती हीच. १९४४ साली जनुकांमधलं अंतर मोजायचं सूत्र दिलं, ते पीक-संशोधनात आजही कोसंबी फलन म्हणूनच वापरतात. आणि मला सगळ्यात जास्त हसू इथे आलं. ज्या मशीनवर लोकगीतांना जागा नाही म्हणतात, तसल्या मशीनवर वादळी हवेचा प्रवाह आणि भाताचे जनुक यांचे जॉब दिवसरात्र चालतात, आणि त्यांच्या पोटात पोथ्या चाळणाऱ्या याच माणसाचं गणित असतं.

होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली तेव्हा गणितासाठी कोसंबींना बोलावलं. ते गेले, पण घर पुण्यातच ठेवलं. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचं आणि संध्याकाळी परत. १९४८-४९ साली युनेस्कोच्या फेलोशिपवर ते अमेरिका आणि इंग्लंडला गेले, ते कशासाठी माहितीय? गणनयंत्रांचा अभ्यास करायला! तेव्हा जगात कॉम्प्युटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. प्रिन्स्टनच्या ज्या प्रगत अध्ययन संस्थेत ते राहिले तिथे फॉन नॉयमान यांच्या देखरेखीखाली एक मशीन बांधली जात होती. नेमक्या त्याच १९४९ साली रॉबर्टो बुसा नावाचे इटालियन पाद्री न्यूयॉर्कला आयबीएमच्या दारात गेले आणि एका मध्ययुगीन तत्त्वज्ञाच्या समग्र लेखनाची शब्दसूची पंचकार्डांवर करायची आहे, मशीन द्या, म्हणाले. मिळाली. सुमारे तीस वर्षं काम चाललं आणि ५६ खंड निघाले. मानव्यविद्येत कॉम्प्युटर वापरायची सुरुवात बहुतेक लोक तिथून धरतात.

कोसंबी टाटा संस्थेत असतानाच तिथे टिफ्रॅक हा कॉम्प्युटर बांधला गेला. १९६० साली तो पूर्ण चालू झाला. २,७०० व्हॉल्व्ह आणि मेमरी सुरुवातीला फक्त १,०२४ शब्दांची. आजच्या मानाने ती अगदीच किरकोळ. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० आली आणि ती नुसत्या संस्थेची राहिली नाही, देशभरच्या विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी वापरायचं राष्ट्रीय केंद्र झाली. कार्डांचे गठ्ठे पाठवायचे, रांगेत नंबर लागायचा, उत्तर छापून यायचं. आपल्या आजच्या क्लस्टरचं हेच जुनं रूप. आता गठ्ठ्याऐवजी आपण लॉगिन करून जॉब टाकतो, किती प्रोसेसर, किती तास ते लिहितो आणि शेड्युलर आपल्याला रांगेत उभं करतो, इतकाच फरक.

आणि ऐका, त्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर लिपीचं कामही झालं. इरावतम महादेवन या सनदी अधिकाऱ्याने सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरची सगळी चिन्हं कोडमध्ये बसवून त्यांची सूची तिथे तयार करून घेतली. ती १९७७ साली पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केली. लिपी अजून वाचता आलेली नाही, पण चिन्हं कुठल्या क्रमाने येतात याचा पुढचा प्रत्येक अभ्यास त्या सूचीकडे वळतोच. म्हणजे सामायिक मशीनवर इतिहासाचा जॉब चालवणं ही काही माझी नवी टूम नाही. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईत ते झालंय. आता तर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बांधल्यापासून आपण कुठच्या कुठे आलोय. २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून तर बनारस हिंदू विद्यापीठातल्या आयआयटीत, पुण्याच्या आयसरमध्ये, अशा कितीतरी ठिकाणी परम मालिकेच्या मशीन बसल्या. बनारस आणि पुणे, दोन्ही कोसंबींची गावं!

पण मला इथे एक प्रामाणिकपणे लिहायला हवं. कोसंबी वाचून माझा ताव वाढला होता. साहेबांना तोंडावर उत्तर द्यायचं म्हणून मी परवानगीची वाट न बघता लॅपटॉपवरच सुरुवात केली. मामेभावाने आणि मी मिळून ४१ रेकॉर्डिंग देवनागरीत उतरवली. ४१ म्हणजे ८२० जोड्या, एवढं लॅपटॉपला झेपतं. रात्री दोनला स्क्रीनवर चित्र आलं. दोन स्वच्छ गट! भामरागड रस्त्यावरची गाणी एकीकडे, सिरोंचा रस्त्यावरची दुसरीकडे. रूममेटला उठवून दाखवलं. एका जंगलात गाण्याच्या दोन परंपरा, आणि त्या मी शोधल्या. दुसरा अर्ज तिथल्या तिथे लिहायला घेतला.

दिवाळीला घरी गेलो आणि आजीला रेकॉर्डिंग ऐकवली. चार-पाच ऐकून झाल्यावर ती हसायलाच लागली. तिने जे सांगितलं ते दोन मिनिटांचं होतं. भामरागडकडची गाणी आम्ही लग्नाच्या रात्री नाचात घेतली होती. तिथे एक ओळ म्हणते आणि बाकीच्या उचलतात, ओळी फिरून फिरून येतात. सिरोंचाकडची आम्ही भर दुपारी एकेका बाईला अंगणात बसवून घेतली होती. एकटी बाई पोराला गाणं सांगतेय, ती कशाला ओळ पुन्हा म्हणेल? माझ्या प्रोग्रॅमने रस्ते वेगळे काढलेच नव्हते. त्याने नाच आणि अंगण वेगळं काढलं होतं. मला काही सुचेना. तो अर्ज तसाच गेला असता आणि समजा मशीन मिळाली असती, तर तीच चूक हजार प्रोसेसरवर, हजारपट वेगाने आणि हजारपट खात्रीने केली असती.

त्या रात्री कोसंबींच्या नाण्यांचा अर्थ खरा कळला. मी तराजू बघितला होता, पण त्याआधी तोललेली चालू नाणी बघितली नव्हती. म्हणजे वाचली होती, मनावर घेतली नव्हती. माहीत असलेल्या गोष्टीवर पद्धत ताडून बघायची आणि मगच माहीत नसलेल्या गोष्टीकडे जायचं, हे त्यांच्या कामाचं मर्म. एकाच गावात तेच गाणं नाचातही घ्यायचं आणि अंगणातही घ्यायचं, आणि त्याने किती फरक पडतो ते आधी मोजायचं, ही माझी चालू नाणी.

कोसंबींनी तर पुढे कागद सोडून पायच वापरायला सुरुवात केली. हातात काठी, पाठीवर पिशवी, आणि पुण्याच्या आसपासचे डोंगर, कार्ल्याची लेणी, जुन्नर, घाटवाटा. शेताच्या कडेला सापडणारी गारगोटीची बारीक हत्यारं वेचायची, तिठ्यावरच्या शेंदूर लावलेल्या देवीचं नाव विचारायचं, ती तिथेच का बसली ते शोधायचं. जुन्या माणसांच्या वाटा जिथे मिळत होत्या तिथे देवी आहेत, असं त्यांच्या ध्यानात आलं. आज जिथे आपले सीनियर कॅम्पसमधून उचलले जातात त्या हिंजवडीशेजारच्या वाकडचा म्हातोबासुद्धा त्यांच्या लेखनात आहे. घराजवळ पाल टाकून राहणाऱ्या पारध्यांच्या चालीरीतींवरूनही त्यांना जुन्या ग्रंथातल्या गोष्टींचा उलगडा होई. भूतकाळ नुसता जमिनीखाली नसतो, तो शेजारी जिवंतही असतो, असं त्यांचं म्हणणं. भामरागडकडच्या माडिया गावांत मेलेल्या माणसाच्या नावाने आजही दगड उभा करतात, आणि तसे हजारो वर्षांपूर्वीचे दगड चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला आहेत. कोसंबी आमच्याकडे आले असते तर किती रमले असते, असं मला सारखं वाटतं.

या सगळ्यातून १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं त्यांचं मोठं पुस्तक आलं. राजांच्या याद्या आणि लढायांच्या तारखा बाजूला ठेवून लोक काय पिकवत होते, कुठल्या अवजाराने, आणि कुणाच्या हातात काय उरत होतं, असा इतिहास त्यांनी मांडला. पुढे १९६२ आणि १९६५ सालीही पुस्तकं आली. १९५७ साली वासुदेव गोखले यांच्यासोबत संपादन केलेला 'सुभाषितरत्नकोश' हार्वर्डने छापला. मार्क्सच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि त्यांच्या काही निष्कर्षांवर नंतरच्या अभ्यासकांनी सडकून टीकाही केली. पण पद्धत मात्र टिकली.

चुकले नाहीत असं नाही. १९५९ साली त्यांनी संख्याशास्त्राच्या वाटेने रीमान गृहीतक सोडवल्याचा दावा केला. गणितातला हा सगळ्यात अवघड प्रश्न, तो अजून सुटलेला नाही. दावा टिकला नाही आणि गणितज्ञांमध्ये त्यांची पत घसरली. भाभांशी आधीच खटके उडत होते. अणुशक्तीपेक्षा सौर ऊर्जा आणि छोटी धरणं आपल्या देशाला जास्त उपयोगी, असं ते उघड बोलत आणि शांतता चळवळीतही पुढे असत. १९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. त्या दिवसांत काही निबंध त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने छापले. २९ जून १९६६ च्या पहाटे पुण्याच्या घरी झोपेतच ते गेले. वय ५८. भारत सरकारने २००८ साली त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

मला त्यांच्या यशाइतकीच ही चूक महत्त्वाची वाटते. नाण्यांच्या बाबतीत त्यांच्या हातात ताडून पाहायला नाणी होती, म्हणून ते बरोबर ठरले. रीमानच्या वेळी पद्धतीवरचा विश्वास पुराव्याच्या पुढे गेला. एवढ्या मोठ्या माणसाचं असं होतं, तर रात्री दोनला रंगीत चित्र बघून उड्या मारणाऱ्या माझी काय कथा?

आता तिसरा अर्ज लिहिलाय. यावेळी विषयाच्या यादीत 'इतर' वर टिक करून गप्प बसलो नाही. सोबत एक पान जोडलंय. त्यात आधीचा निकाल का चुकला ते स्पष्ट लिहिलंय, सहा गावांत गाणं दोन्ही प्रकारे पुन्हा कसं रेकॉर्ड केलं ते लिहिलंय, कुठलं काम लॅपटॉपवर होईल आणि कुठल्या कामालाच खरोखर मोठी मशीन लागेल ते वेगळं काढलंय. मशीन सगळ्यांची आहे, म्हणजे तिचा एकेक तास कुणाच्या तरी वादळाच्या अंदाजातून किंवा औषधाच्या रेणूतून येणार. तो मागायचा तर आपलं काम तेवढं घासून घेतलेलं हवं. पण घासून घेतलं असेल तर मग गोंडीचा जॉब रांगेत वादळाच्या मागे उभा राहिला तर काय बिघडतं? मागे उभं राहायला आमची तयारी आहे, रांगेत तरी घ्या, एवढंच म्हणणं.

उत्तर अजून आलेलं नाही. तोवर बसून राहिलेलो नाही. संध्याकाळी आजीला फोन लावतो आणि ती एकेक ओळ सांगते, मी लिहून घेतो. परवा तिने धाकट्या बहिणीला फोनजवळ बसवलं होतं आणि माझ्याआधी तिच्याकडून ओळ म्हणवून घेतली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी ओवी म्हणणारी आजी, हिशेबाच्या जुन्या वह्या, मोडीतली कागदपत्रं असतीलच. कॉम्प्युटर इंजिनिअरला त्याचं काय, असं म्हणू नका. एकदा मोजायला घ्या. आणि मोजून झालं की मशीनवर टाकण्याआधी घरी एकदा दाखवा.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी